मामा, बोलत बोलत काम करा

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीतून आलंय. ओळख पटेल असं सगळं काढलंय आणि थोडं छाटलंय, भाषा मात्र त्यांचीच ठेवलीय.

*ताई, नमस्कार. तुमचं सदर बायको वाचून दाखवती. मी ५३ वर्षांचा. एकाच वर्कशॉपमधी २७ वर्षं झाली. आधी लेथवर टर्नर हुतो. सीएनसी (आकड्यांच्या कार्यक्रमावर चालणारं मशीन) आली तवा बाकीचे नको म्हणाले, मी शिकलो. आता सेटर (मशीन लावून देणारा) हाय. ऑफिसातली धरून चौदा माणसं. फंड कापत न्हाईत. मोठे मालक आता घरीच असत्यात, कारभार धाकल्या मालकांकडं. त्यास्नी मी सायकलवरनं शाळंत सोडलंय, मला मामाच म्हणत्यात.*

*मागच्या वर्षी त्यांनी मशीनवर मोबाईलचा स्टँड लावला. म्हणाले, मामा, बोलत बोलत काम करा. मी सहा म्हैनं बोललो. चांगलंच वाटलं. आता त्याचं ॲप केलंय. पोरं अडली की ॲपला विचारत्यात, ते मराठीत सांगतंय, हिंदीत बी सांगतंय. परवा एका नव्या पोराचा जॉब (मशीनवर कापायला लावलेला तुकडा) बोअरिंगला (आतलं भोक मोठं करताना) किंचाळाय लागला. मी चार पावलांवर उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, मोबाईल काढला. मोबाईल म्हणाला, “आधी बार किती भाईर काढलायस बघ, मग कट वाढव.” (बार म्हणजे टूल धरणारा दांडा, कट म्हणजे एका फेरीत कापायची खोली.) वाक्य माझं. आवाज बी माझाच केलाय. त्या रात्री मला जेवण ग्येलं न्हाई.*

*बायको म्हणती, हितनं पुढं अर्धंच सांगा. चहाच्या गाड्यावरचा दोस्त म्हणतोय, एकदा चुकीचं सांग, कळंल त्यास्नी. पुण्यातली लेक म्हणती, पप्पा, तुम्ही फेमस झालाय. मी काय करू? आणि रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येत्यात, अंगठा दिला न्हाई तर सकाळी इचारत्यात. त्याचं बी सांगा.*

मिस्त्री, नमस्कार.

आधी चहाच्या गाड्यावरच्या दोस्ताचा निकाल लावू. चुकीचं काहीही सांगू नका. रागाच्या भरात, गंमत म्हणून, एकदाच म्हणून, कसंच नाही. हिशोबाच्या वहीत कुणी खोटा आकडा घातला तर वर्षाअखेरीला तो सापडतो. तुमच्याकडे चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारा पंजा, फिरत असतो आणि पोराचा हात त्याच्यापासून वीतभर लांब असतो. वर त्या चुकीच्या वाक्याला आवाजही तुमचाच असणार. उद्या काही झालं आणि रेकॉर्डिंग लावलं, तर दोस्त साक्षीला येणार नाही. त्याला म्हणावं, तू आपला चहा पाज.

वहिनींचा सल्ला मात्र इतका सहज उडवून लावता येत नाही. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हे ऐकल्याशिवाय कोल्हापुरात कुणी मोठं होत नाही. तालमीत त्याला अर्थ होता. पठ्ठ्या उद्या वस्तादावरच उलटला, तर त्याला चीत करायला हातात काहीतरी पाहिजे. पण तालमीतला वस्ताद म्हातारा झाला तरी कट्ट्यावर बसलेला असतो. पोरं येता-जाता पाया पडतात, आणि राखलेला तो डाव डोळे मिटायच्या आत कुणातरी एका लाडक्या पोराच्या कानात पडतो. वर्कशॉपात कट्टा नाही. तुम्ही डाव राखलात, तर पोरं तीस-चाळीस जॉब भंगारात घालून तो आपला आपण शोधतील, नाहीतर इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं धारदार टोक) विकायला आलेला सेल्समन चहा पिता पिता फुकटात सांगून जाईल. डाव गेला तो गेलाच, आणि “मिस्त्री हातचं राखून सांगतो” हा शिक्का तेवढा राहील.

तसंही, जे राखायचं ते तुमच्याकडून आपोआपच राखलं गेलंय. जॉब किंचाळला तेव्हा तुम्ही चार पावलांवर होता म्हणता. तुम्हाला गडबड कळली कधी? पोरानं खिशात हात घालायच्या आधी, हे नक्की. बहुतेक बार आत शिरताना आवाज जड झाला तेव्हाच तुमची मान वळली असणार. पोराला प्रश्न पडायला जॉब किंचाळावा लागला, आणि ॲपला तर कुणी विचारल्याशिवाय काही बिघडलंय याचाही पत्ता नाही. हे ऐकणं तुम्ही स्टँडसमोर बोलला नाहीत. मुद्दाम लपवलंत म्हणून नव्हे. ते बोलायचं असतं हेच तुम्हाला सुचलं नसेल.

पण यावर खूश होऊन घरी जाऊ नका. चक फिरवणाऱ्या स्पिंडलवरचा लोड बघून मशीन थांबवणारी यंत्रणा आहे, टूलची थरथर मोजणारे सेन्सर आहेत, आणि मोठ्या कारखान्यांत ते बसलेतही. चौदा माणसांच्या वर्कशॉपात यायला वेळ लागेल, खर्च आहे. पण ते कधी येणारच नाहीत, असं सांगून तुमची समजूत घालणं मला जमणार नाही. मालकांशी जे बोलायचं ते आत्ता बोला. आत्ता तुमच्या शब्दाला वजन आहे.

वजन कुठे आहे ते सांगते. तुमचं ते वाक्य मी ओळखीच्या एका सेटरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबर हाय. पर बोअरिंगला.” मग त्यानं मला अर्धा तास शिकवलं. इन्सर्टच्या टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि पोरानं भीत भीत कट घेतला ०.३, तर टूल कापण्यापेक्षा घासतं जास्त, बार मागे ढकलला जातो आणि कुईं करून जॉबवर लाटा उमटतात. तिथं कट कमी करत गेलं की किंचाळणं वाढतं. कट वाढवला की टूल बसतं आणि गप्प होतं. शिवाय पोलादी बार त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला असेल तर आधी तो आत घ्यायचा. म्हणजे तुमच्या एका ओळीत दोन गोष्टी होत्या, आणि त्यांचा क्रमही बरोबर होता.

“आता हेच वाक्य,” तो म्हणाला, “पोरानं लांबड्या बारीक शाफ्टला लावलं तर?” शाफ्ट म्हणजे दांडा. त्याच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार नाही, शाफ्ट आधीच थरथरतोय, पोरगा ॲपला विचारतो की चॅटर (थरथर) येतंय काय करू, आणि ॲप तुमच्या आवाजात सांगतं, कट वाढव. शाफ्ट वाकून टूलवर चढेल. नशीब असेल तर जॉब जाईल, नसेल तर जॉब चकमधून सुटून येईल.

हा फरक ॲपला कुणी सांगितलाय? बोलताना तुमच्यासमोर बोअरिंगचा जॉब होता, म्हणून तुम्ही “बोअरिंगला” हा शब्द उच्चारला नाही. समोर दिसत असलेलं माणूस बोलत नाही. तुमच्या सहा महिन्यांच्या बडबडीत असे न उच्चारलेले किती शब्द असतील, मोजून बघा. शिवाय या नव्या ॲपांची खोड अशी की उत्तर माहीत नसलं तरी ती गप्प बसत नाहीत. इकडचं-तिकडचं जुळवून, तितक्याच ठाम सुरात काहीतरी ठोकून देतात. तुमचा आवाज लावला की पोराला तो ठामपणा तुमचाच वाटणार.

तेव्हा प्रत्येक उत्तर तपासून “हे कुठं चालतं, कुठं चालत नाही” असं सांगणारा माणूस तुमच्या मालकांना लागणार आहे, आणि तो माणूस तुमच्याशिवाय तिथं दुसरा नाही. त्यांना हे अजून उमगलेलं दिसत नाही. एक जॉब उडाला की उमगेल. त्याच्या आधी तुम्ही जाऊन सांगा.

धाकले मालक चोर आहेत असं मला वाटत नाही, हेही बोलून टाकते. एकाचं कसब बघून, टिपून, दुसऱ्यानं उभं करायचं यावरच तर हे गाव मोठं झालंय. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं तुम्ही किती वेळा गेला असाल. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, यांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमाराला स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. परदेशी यंत्र बघायचं, समजून घ्यायचं आणि आपलं उभं करायचं. शेतावरच्या ऑइल इंजिनांच्या जोरावर उद्यमनगर वाढलं तेही काही वेगळं नव्हतं. तुम्हीसुद्धा पहिला धागा (आटे) पाडायला कुणाच्या तरी खांद्यामागे उभं राहूनच शिकलात, आणि त्या माणसाला तुम्ही रॉयल्टी दिली नसणार.

मालकांचं चुकलं ते विचारण्यात. “बोलत बोलत काम करा” म्हणाले, त्याचं पुढे काय करणार ते बोलले नाहीत. सहा महिने माणसाकडून बोलून घ्यायचं, आणि ॲप तयार झाल्यावर ते त्याला परक्या पोराच्या हातात, आपल्याच आवाजात ऐकू यावं, ही रीत झाली नाही. मामा म्हणता ना, मग मामाला आधी ऐकवायचं होतं.

ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत १९४६-४७ च्या सुमाराला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असंच एक यंत्र निघालं होतं. कसबी कारागिरानं पहिला जॉब हातानं करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय टेपवर उतरवायच्या, आणि पुढचे जॉब मशीननं ती टेप वाजवून करायचे. तुमच्या मशीनवरच्या स्टँडचा थोरला भाऊच म्हणा. ते फार चाललं नाही. अमेरिकेच्या हवाई दलाचा पैसा दुसरीकडे गेला, आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेनं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. हवाई दलाला जे अवघड आकार हवे होते ते आकड्यांवर नीट निघत होते, हे एक कारण. टेपच्या पद्धतीत मात्र पहिला जॉब करायला कसबी माणूस लागायचाच. आकड्यांच्या पद्धतीत कार्यक्रम ऑफिसातल्या टेबलावर लिहिता येत होता. कारखानदारांना ते भावलं, असं या यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी म्हटलंय. त्यातूनच पुढे तुमची सीएनसी आली.

आणि ती आली तेव्हा काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको. “बाकीचे नको म्हणाले, मी शिकलो,” असं तुम्हीच एका ओळीत लिहिलंय. ते बाकीचे आज कुठे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. कार्यक्रम ऑफिसात गेला, पण चकचे जॉ (जबडे) बोअर करायला, झिरो (मोजमापाची सुरुवात) घ्यायला, पहिला पीस मोजून ऑफसेट (दुरुस्तीचा आकडा) द्यायला माणूस मशीनपाशीच लागला. टर्नरचा सेटर झाला. सगळ्यांचा झाला नाही, हेही तितकंच खरं.

पुण्याच्या लेकीलाही हे वाचायला द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तिकडच्या ऑफिसांतही हेच सुरू आहे. आपल्या कामाच्या पायऱ्या लिहून काढा म्हणतात, आणि त्या लिहून झाल्या की पायऱ्या चढायला माणसं किती लागतील याचा हिशोब सुरू होतो. “फेमस” शब्दात किती पाणी आहे ते तिला लवकरच कळेल.

आता जेवणाचं. मला वाटतं, तुमच्या घशाखाली घास उतरला नाही तो आवाजापायी कमी आणि त्या पोराच्या पाठीपायी जास्त. तुम्ही चार पावलांवर असताना त्यानं वळून बघितलं नाही. सत्तावीस वर्षांत अडलेलं प्रत्येक पोर तुमच्याकडे आलं, आणि हा खिशाकडे गेला.

तो का गेला, याचा राग न धरता विचार करा. मोबाईल शिव्या देत नाही. तुम्ही देता का, मला माहीत नाही. पण उद्यमनगरातला मिस्त्री तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही. “डोळं फुटल्यात काय?” ही त्यातल्या त्यात देवघरात चालेल अशी आवृत्ती. तुम्ही तसेच शिकलात, शिव्या खात, आणि तुम्हाला त्यात माया दिसली, कारण संध्याकाळी तोच मिस्त्री तुम्हाला मिसळ खायला घेऊन जायचा. नव्या पोराला सकाळची शिवी मिळते आणि संध्याकाळची मिसळ मिळत नाही. त्यात तो लांबून आलेला असेल, घरात हिंदी किंवा भोजपुरी बोलत असेल, तर “ते ढिल्लं हाय न्हवं, आवळ की” यातलं त्याला “आवळ” तेवढं कळतं, तेही तुमच्या हाताकडे बघून. ॲपला तो वीस वेळा विचारू शकतो, रात्री खोलीवर पडल्या पडल्या विचारू शकतो. त्याच्या जागी मीही मोबाईलच काढला असता.

उद्या त्याला बोलवा. त्या दिवशीचा, लाटा उमटलेला तो जॉब भंगारात गेला नसेल तर शोधून आणा. त्याला आतून बोट लावून बघायला सांगा, मग चांगल्या जॉबला लावायला सांगा. मग शाफ्टची गोष्ट सांगा, की हेच उत्तर तिथं का चालत नाही. ॲपला आधी विचारायला हरकत नाही, पण कट आणि स्पीड बदलायच्या आधी मला हाक मारायची, एवढा एकच नियम त्याला घाला. आणि तो हाक मारेल तेव्हा पहिली चार-पाच वेळा शिवी गिळा.

मालकांशी बोलायचं ते वर्कशॉपात उभ्या उभ्या नको, ग्रुपवर तर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी घरी जा. मोठे मालक बसते-उठते असतील तर त्यांच्यासमोर बोला. धाकल्यांना ते जरा अवघड जाईल, पण तुमची सत्तावीस वर्षं त्यांनी पाहिलीत, धाकल्यांनी फक्त सायकल पाहिलीय. रडगाणं नको, “मला काढणार का?” या प्रश्नानं तर सुरुवातच नको. त्याला “छे छे मामा, काहीतरीच काय” एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. तुम्ही शाफ्टपासून सुरुवात करा. म्हणा, “ॲप चांगलं केलंय. पण त्यात माझं एक वाक्य हाय, ते चुकीच्या जॉबला लागलं तर माणूस जायबंदी हुईल. मी बोललेलं सगळं एकदा बसून तपासाय पायजे.” एवढं बोलून गप्प बसा. त्यांना घाम फुटू द्या.

मग मागण्या. तपासायचं काम मशीन चालवता चालवता होणार नाही, त्याला वेगळा वेळ आणि त्या वेळेचे वेगळे पैसे. तुम्ही पास केल्याशिवाय तुमच्या आवाजात नवं उत्तर जाणार नाही. पोरांना शिकवण्याची जबाबदारी तुमची, आणि तसं पद लेटरहेडवर लिहून. “सेटर” या पदाची गरज कमी झाली तरी शिकवणाऱ्याची लगेच होत नाही. वय अठ्ठावन्न होईपर्यंत काम राहील, हेही त्याच कागदात. आणि ॲप उद्या दुसऱ्या कारखान्यांना विकायचं ठरलं, तर आधी तुमच्याशी बोलायचं. ही शेवटची मागणी ऐकून धाकले मालक हसतील किंवा चपापतील. चपापले तर समजा, विकायचा विचार डोक्यात आहे. सगळं मिळणार नाही. पैशावर जास्त ताणू नका, लेखी पदावर ताणा. मालकानं दिलेली वाढ पुढच्या मंदीत गोठते, पण लेटरहेडवरचा कागद दुसऱ्या दारात दाखवता येतो.

त्याच दुसऱ्या दारासाठी कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये चौकशी करून या. अनुभवानं काम शिकलेल्या, पण हातात कागद नसलेल्या कारागिरांची परीक्षा घेऊन सरकारी प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. सत्तावीस वर्षांनंतर कसली परीक्षा, असं वाटेल. द्या. दोन तासांत उरकेल तुमची.

आवाजाचं कायद्यात काय, हेही तुमच्या मनात असणार. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रोखली, आशा भोसल्यांनाही त्याच न्यायालयानं २०२५ मध्ये तसाच दिलासा दिला. आवाज हा माणसाचा असतो, एवढं त्या अंतरिम आदेशांत मानलं गेलं. पण ती नामवंत माणसं. त्यांच्या आवाजाला बाजार आहे म्हणून तर चोरी होते. तुमच्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमतीची भाषा आहे, पण नोकरीच्या कारणासाठी मालकाला सवलतही त्यातच आहे. आणि तुम्ही स्टँडसमोर राजीखुशीनं बोललात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावात आलंय खरं, म्हणून लगेच काळा कोट शोधायला बाहेर पडू नका. ज्या घरात मामा म्हणतात तिथं वकिलाची नोटीस गेली की मामाही संपतो आणि नोकरीही. आवाज काढून टाका, फक्त मजकूर ठेवा, एवढं तोंडी मागितलंत तर बहुतेक मिळेल. ते तुम्हाला हवंय का, हे मात्र आधी ठरवा. पत्रात “चांगलंच वाटलं” असंही लिहिलंय तुम्ही.

रात्रीच्या मेसेजचं थोडक्यात. कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा हक्क वगैरे शब्द काढू नका. ग्रुप म्यूट करा, आणि मालकांना सांगा की मशीन अडलं तर रात्री दोनला फोन करा, मी येतो, पण मेसेज मी सकाळीच बघतो. फोन करायला माणूस दहा वेळा विचार करतो, मेसेज टाकायला एकदाही नाही. आठवड्यात सवय लागेल त्यांना.

पत्रात एका कोपऱ्यात तुम्ही जे लिहून गेलात, त्यावर मी सगळ्यात जास्त थांबले. “चौदा माणसं, फंड कापत न्हाईत.” फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी (पीएफ), वीस माणसांपासून सक्तीचा आहे, त्यामुळे मालक नियमानं मोकळे. पण ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी सुटत नाही. १९७२ च्या कायद्यात होतं ते गणित २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४ हजार आहे. त्याचे होतात ३ लाख ७३ हजार ८४६ रुपये. हे तुम्ही आज सोडलंत तरी मिळायचे आहेत. राजीनामा दिला, निवृत्त झालात किंवा काढलं तरी मिळतात. मालकाच्या मेहरबानीचा त्यात संबंध नाही, आणि द्यायचे ते ३० दिवसांच्या आत.

पगारपत्रक बघा. पुष्कळ ठिकाणी मूळ पगार मुद्दाम बारका ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवतात, म्हणजे ग्रॅच्युइटी कमी बसते. नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा, असं आहे. पगारपत्रकच मिळत नसेल, रोख हातात येत असेल, तर या महिन्यापासून पगार बँकेत मागा. “लेकीनं पीएफची चौकशी केली,” असं काहीही कारण सांगा. सत्तावीस वर्षं तुम्ही तिथं होता, हे दाखवणारं जे हाताशी असेल ते गोळा करा: जुनं ओळखपत्र, दिवाळी बोनसची पावती, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड, मोठ्या मालकांच्या सहीची एखादी चिठ्ठी. ईएसआय कापत नसतील तर तेही विचारा. पगार २१ हजारांपर्यंत असलेल्यांसाठी दहा माणसांच्या जागी तो लागतो, म्हणजे तुम्ही त्याच्यावर असलात तरी पोरं त्यात येतात.

मालकांकडे जाल त्या दिवशी ही कागदं घेऊन जाऊ नका, ती घरी ठेवा. ग्रॅच्युइटीचा विषयही त्या बैठकीत नको. तो आठवडाभरानं ऑफिसातल्या हिशोबनिसाकडे काढा, साधा, सहज, आणि वारस नेमायचा फॉर्म भरलाय का ते विचारा. भरला असेल तर त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. नोकरीला लागल्या लागल्या भरलेल्या फॉर्मवर पुष्कळांच्या आईचंच नाव राहिलेलं असतं. तसं असेल तर दुसरा फॉर्म मागून त्यावर वहिनींचं नाव घाला, आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या.